सायलेन्सर लावला, तरी कान झाकावेच लागतात

हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे नाव शस्त्रांच्या इतिहासात मशीनगनशी कायमचे जोडले गेले आहे. १८८४ च्या सुमारास त्यांनी आपोआप गोळ्या भरून झाडणारी पहिली मशीनगन बनवली. तिच्या चाचण्या घेताना ते वर्षानुवर्षे गोळीबाराच्या आवाजात उभे राहिले. कान झाकण्याची तेव्हा पद्धत नव्हती. उतारवयात त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते.

त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम अमेरिकेत वाढला आणि तोही अभियंता झाला. मार्च १९०९ मध्ये त्याला एका उपकरणाचे पेटंट मिळाले. बंदुकीच्या नळीच्या तोंडावर बसवायची ती एक पोकळ नळी होती आणि तिच्यामुळे गोळीचा आवाज बराच कमी होत असे. वडिलांच्या बहिरेपणावर उपाय म्हणून त्याने ती बनवली, असे काही नाही. शेजारपाजाऱ्यांना त्रास न देता नेमबाजी करता यावी, एवढीच त्याची इच्छा होती. ‘मॅक्झिम सायलेन्सर’ या नावाने ते उपकरण विकले जाऊ लागले. याच तत्त्वावर मॅक्झिमने मोटारगाड्यांच्या इंजिनांसाठीही आवाजरोधक बनवले. मोटारसायकलच्या धुराड्याला आपण आजही सायलेन्सर म्हणतो. बंदुकीच्या सायलेन्सरला मात्र आता सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारा, हा शब्द अधिक वापरला जातो आणि तोच जास्त खरा आहे.

गेल्या काही वर्षांत हे उपकरण वेगळ्या कारणाने चर्चेत आहे. अमेरिकेत आणि युरोपातील अनेक देशांत शिकारीच्या रायफलीला सप्रेसर लावणे कायदेशीर आहे. तो मागण्याचे पहिले कारण म्हणून शिकारी आता आपल्या कानांकडे बोट दाखवतात. हे कारण वैद्यकीयदृष्ट्या कितपत खरे आहे, तो कायदेशीरपणे मिळवायचा कसा आणि मिळाल्यावर कानांची काळजी संपते का, हे पाहू.

एका गोळीने कानात काय होते?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेने वाढत नाही. आवाज २० डेसिबलने वाढला, तर कानावर येणारा हवेचा दाब दहापट होतो. दोन माणसांचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. स्फोटासारख्या क्षणिक आवाजासाठी प्रौढांच्या बाबतीत १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ती १२० वर ठेवली आहे. शिकारीच्या रायफलीचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशी साधारण १६० ते १७० डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे धोक्याच्या रेषेच्या किमान दहापट दाब, आणि तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागात.

मोठ्या आवाजापासून बचावाची एक सोय शरीरात आहे. मध्यकर्णातील इवलासा स्नायू आकसतो आणि हाडांच्या साखळीला आवर घालतो. पण त्याला आकसायला काही दशांश मिलिसेकंद नव्हे, तर कित्येक मिलिसेकंद लागतात. तोवर गोळीचा आवाज आत पोहोचलेला असतो.

आत, शंखाच्या आकाराच्या कर्णावर्तात, सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्यांचे सूक्ष्म केस हलतात आणि त्यातून मेंदूकडे जाणारा संदेश तयार होतो. जन्मतः मिळालेला हा साठा माणसाला आयुष्यभर पुरवायचा असतो. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. जोरदार धक्क्याने काही पेशी जागीच मरतात. काही थकतात आणि एकदोन दिवसांत सावरतात. म्हणूनच गोळीबारानंतर कान बधिर होतो आणि नंतर ‘मोकळा’ होतो. तो मोकळा झाला म्हणजे नुकसान झालेच नाही, असे समजणे चूक आहे. केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे धागे तुटलेले असू शकतात आणि साध्या श्रवणचाचणीत ते लगेच दिसत नाहीत.

पहिला फटका उंच पट्टीच्या आवाजांना बसतो. श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास एक खळगा दिसतो. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. स, श, थ, फ ही अक्षरे निसटतात. ‘सात’ की ‘हात’ हे कळत नाही. घरचे हळू बोलतात अशी त्याची तक्रार असते आणि घरच्यांना वाटते की तो लक्ष देत नाही. सोबत कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण सुरू होते. अनेकांना बहिरेपणापेक्षा रात्रीची ही गुणगुणच जास्त छळते.

बंदुकीच्या नुकसानीची आणखी एक खूण आहे. उजव्या खांद्यावर रायफल टेकवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो. त्यामुळे डावा कान अधिक खराब झालेला आढळतो. दोन कानांत असा फरक दिसला, की डॉक्टर बंदुकीबद्दल विचारतात.

शिकारी कान का झाकत नाहीत?

नेमबाजीच्या मैदानावर कान झाकणे सहज जमते. जंगलात तसे होत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या बीव्हर डॅम येथील प्रौढांचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. आदल्या वर्षात एकदाही कानांना संरक्षण वापरले नाही, असे सांगणारे नेमबाजांमध्ये ३८ टक्के होते, तर शिकाऱ्यांमध्ये ९५ टक्के.

त्याचे कारण समजण्यासारखे आहे. हरणाची चाहूल वाळल्या पानांच्या आवाजावरून लागते. जोडीदार कुठे उभा आहे, हेही ऐकूनच कळते आणि ते कळणे सुरक्षिततेसाठी गरजेचे असते. कान बुजवून तासन्‌तास बसणे शिकाऱ्याला नको वाटते. शिवाय ‘हंगामात झाडायच्या दोन-चार गोळ्या, त्याने काय होते’ हा विचार असतोच. प्रत्यक्षात एवढ्या मोठ्या आवाजाची एकच गोळीही कायमचे नुकसान करू शकते.

सप्रेसरचे वैद्यकीय महत्त्व इथे आहे. तो माणसाच्या कानावर नसून बंदुकीवर असतो. घाईत विसरला, वर सरकला, नीट बसला नाही, असे त्याचे होत नाही. कारखान्यात कामगाराच्या कानात बोळे घालण्याआधी यंत्राचाच आवाज कमी करा, असे औद्योगिक आरोग्याचे शास्त्र सांगते. सप्रेसर हा त्याच जातीचा उपाय आहे. जवळ उभा असलेला जोडीदार, शिकारी कुत्रा आणि जंगलालगतची वस्ती यांनाही त्याचा थोडाफार लाभ होतो.

आवाज जातो की कमी होतो?

गोळी सुटताना नळीच्या तोंडातून तापलेला वायू प्रचंड दाबाने एकदम बाहेर पडतो. फुगा फुटावा तसा तो मुख्य स्फोट असतो. सप्रेसरच्या आत एकामागोमाग पडदे असतात. वायू त्यांत अडखळत, पसरत, थंड होत सावकाश बाहेर येतो. सोडावॉटरची बाटली एकदम न उघडता हळूहळू उघडावी, तसे हे आहे.

याने साधारण २० ते ३० डेसिबल कमी होतात. ३० डेसिबल म्हणजे कानावरचा दाब सुमारे तिसाव्या हिश्शावर येणे, आणि हा लाभ मोठा आहे. पण हिशेब पुरता मांडून पाहावा. १६५ मधून २० ते ३० वजा केले, तर १३५ ते १४५ उरतात. म्हणजे आवाज धोक्याच्या रेषेच्या आसपासच राहतो. चित्रपटात ऐकू येणारा ‘फुस्स’ असा आवाज प्रत्यक्षातल्या शिकारीच्या रायफलीतून येत नाही.

त्याचे दुसरेही कारण आहे. आवाजाचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो आणि शिकारीच्या रायफलीची गोळी त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने जाते. हवा कापत जाताना ती चाबकासारखा कडाका करते. तो कडाका नळीबाहेर, गोळीच्या वाटेवर होत असल्यामुळे सप्रेसर त्याला काही करू शकत नाही.

बंदुकीची बनावटही महत्त्वाची आहे. हाताने खटका मागे ओढून काडतूस बदलायच्या रायफलीत वायू मागे येत नाही. आपोआप भरणाऱ्या रायफलीत सप्रेसरमुळे काही वायू उलट झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येतो आणि कानाशी मिळणारा लाभ घटतो. याउलट, धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडावर जे छिद्रांचे ‘मझल ब्रेक’ लावतात, ते वायू बाजूला आणि मागे वळवतात. त्याने खांदा वाचतो, पण कानावरचा आवाज वाढतो. शेजारी उभ्या असलेल्याला तर तो अधिकच बसतो.

कायद्याची वाट

अमेरिकेत सप्रेसर ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ या १९३४ च्या केंद्रीय कायद्याखाली येतो. टोळीयुद्धांच्या काळात झालेला हा कायदा मुख्यतः मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांसाठी होता. सायलेन्सरही त्याच यादीत गेला. प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलरचा कर बसला. त्या काळचे २०० डॉलर म्हणजे आजचे चार हजारांहून अधिक. सामान्य माणसाने तो घेऊच नये, इतका हा कर जड होता. पुढे नव्वद वर्षे आकडा तोच राहिला आणि महागाईने त्याचे वजन उतरत गेले. मे २०२१ पर्यंत तेथे २६ लाखांहून अधिक सायलेन्सरांची नोंद झालेली होती. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने सप्रेसरवरचा हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला.

कर गेला, पण नोंदणी राहिली. अनेकांची गल्लत होते ती इथेच. कर नाही म्हणजे कागद नाही, असे मुळीच नाही.

पहिला प्रश्न राज्याचा. ५० पैकी ४२ राज्यांत खासगी व्यक्तीला सप्रेसर बाळगता येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत तो चालत नाही. कनेक्टिकटमध्ये बाळगता येतो, पण शिकारीत वापरता येत नाही. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात कायदेशीर असलेली वस्तू गाडीत टाकून न्यू जर्सीत नेली, की तो गुन्हा ठरतो.

दुसरी पायरी विक्रेत्याची. साध्या बंदुकीच्या दुकानाचा परवाना इथे पुरत नाही. या यादीतील वस्तू विकण्यासाठी वेगळा कर भरलेला परवानाधारक विक्रेता लागतो आणि तो खरेदीदाराच्याच राज्यातला असावा लागतो. दुसऱ्या राज्यातून मागवलेला सप्रेसर आधी स्थानिक विक्रेत्याकडे येतो. अशा विक्रेत्याकडून घेणाऱ्याचे वय किमान २१ लागते.

तिसरी पायरी अर्जाची. ‘फॉर्म ४’ नावाचा अर्ज केंद्रीय शस्त्र विभागाकडे जातो. त्यासोबत छायाचित्र आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. अर्जाची प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला पाठवावी लागते. पार्श्वभूमीची तपासणी होते. पैसे भरलेले असले, तरी मंजुरी येईपर्यंत सप्रेसर विक्रेत्याच्याच कपाटात राहतो. पूर्वी यात अनेक महिने जात, आता इलेक्ट्रॉनिक अर्जामुळे हा काळ बराच कमी झाला आहे. मंजुरीचा कागद मात्र कायम जपावा लागतो आणि शिकारीला जाताना त्याची प्रत जवळ असलेली बरी.

चौथी गोष्ट घरच्यांची. नोंद एका व्यक्तीच्या नावावर असेल, तर तिच्या गैरहजेरीत भावाने किंवा मुलाने सप्रेसर घेऊन जंगलात जाणे बेकायदा ठरू शकते. यासाठी काही कुटुंबे न्यास करून त्याच्या नावावर नोंद करतात. २०१६ पासून अशा न्यासातील प्रत्येक जबाबदार व्यक्तीलाही ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते. मालकाच्या मृत्यूनंतर पात्र वारसाच्या नावावर तो कर न भरता करून घेता येतो, पण त्यासाठीही अर्ज लागतो. कपाटात सापडलेली नळी भंगारात देणे किंवा मित्राला भेट देणे वारसाला महागात पडते.

नियम मोडल्यास दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. बंदूक साफ करण्याचे साहित्य म्हणून इंटरनेटवर स्वस्तात विकले जाणारे काही संच प्रत्यक्षात सप्रेसरचे सुटे भाग असतात. आधी मंजुरी न घेता त्यापासून सप्रेसर बनवणे गुन्हा आहे. असा संच मागवणाऱ्यांच्या दारी तपास अधिकारी आल्याची उदाहरणे आहेत.

इतरत्र चित्र वेगळे आहे. जर्मनीत २०२० पासून शिकारीचा वैध परवाना असलेल्याला शिकारीच्या रायफलीसाठी सप्रेसर घेता येतो. त्यासाठी आधी वेगळी परवानगी लागत नाही, पण घेतल्यावर नोंद करावी लागते. शिकाऱ्यांच्या श्रवणाचे रक्षण हा तेथील चर्चेतला मुख्य मुद्दा होता. न्यूझीलंडमध्ये सप्रेसरची वेगळी नोंदणी नाही, तो दुकानात इतर साहित्यासारखा मिळतो. दोन्ही देशांत बंदुकीचा परवाना मात्र लागतोच.

विरोध कशासाठी?

आवाज हा धोक्याचा इशाराही असतो, असे विरोधकांचे म्हणणे आहे. मे २०१९ मध्ये व्हर्जिनिया बीच येथील सरकारी कार्यालयात झालेल्या गोळीबारात १२ जणांचा बळी गेला. हल्लेखोराच्या पिस्तुलाला सप्रेसर होता. आवाज नेमका कसला आणि कुठून येतो, हे आतल्या लोकांना वेळेत कळले नसेल, तर पळायची संधी जाते. अवैध शिकार पकडणे अवघड होईल, ही वनरक्षकांची काळजीही जुनीच आहे.

समर्थक सांगतात, की कायदेशीर नोंद असलेले सप्रेसर गुन्ह्यांत क्वचितच सापडतात. २०१७ मध्ये केंद्रीय शस्त्र विभागातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या टिपणातही असेच म्हटले होते. दोन्ही बाजूंना वजन आहे. ‘हा कानाचा प्रश्न आहे’ एवढे म्हणून सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न मिटत नाही, आणि ‘हे मारेकऱ्यांचे साधन आहे’ एवढे म्हणून शिकाऱ्याच्या मेलेल्या केसपेशी परत येत नाहीत.

सप्रेसर घेतल्यावरही

सप्रेसर घेतलेल्याला डॉक्टरचा सल्ला एकच राहील. कान तरीही झाका. सप्रेसरने २० ते ३० डेसिबल कमी केले आणि नीट बसवलेल्या बोळ्यांनी आणखी काही कमी केले, तर आवाज खऱ्या अर्थाने सुरक्षित टप्प्यात येतो. फोमचा बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवावा. अर्धवट बसलेला बोळा फारसे काही अडवत नाही. चाहूल ऐकायची असेल, तर इलेक्ट्रॉनिक कर्णकवच मिळतात. ते हलके आवाज आत सोडतात, वाढवतातही, आणि स्फोटाचा आवाज मात्र अडवतात. सोबत मूल असेल, तर सप्रेसर आणि कर्णकवच दोन्ही हवेत.

आणखी एक बारीक गोष्ट. सप्रेसरच्या आत काजळीबरोबर शिशाचे कण साठतात. तो हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नये आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

गोळीबारानंतर कान बधिर झाला, शिट्टी वाजत राहिली किंवा तोल गेल्यासारखे वाटले, तर ‘दोन दिवस बघू’ म्हणू नये. लवकरात लवकर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. काही रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांत दिलेल्या औषधांचा उपयोग होऊ शकतो, महिन्यानंतर करण्यासारखे फारसे उरत नाही.

आपल्याकडे काय?

भारतात हा प्रश्न खरेदीपर्यंत जातच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार थांबली. शस्त्र नियमांत आवाज किंवा ज्वाला कमी करणारी उपसाधने पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात आहेत. सामान्य परवानाधारकाला ती मिळत नाहीत. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडे सप्रेसर कायदेशीर असला, तरी सामानात टाकून तो इकडे आणता येत नाही. तेथून बाहेर नेण्यालाच वेगळी परवानगी लागते आणि इथे उतरल्यावर गुन्हा दाखल होतो. तेथे तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना बंदूक बाळगण्यावरच बंधने आहेत. मित्राच्या आग्रहाने काही विकत घेण्यापूर्वी त्यांनी वकिलाला विचारावे.

पण कान सगळीकडे सारखेच असतात. कोकणात आणि गोव्यात शेतीसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत. डुक्कर-माकडांना हुसकावताना झाडलेला बारही १४० डेसिबलच्या वर जातो. पोलीस आणि नेमबाजीचे खेळाडू सरावात शेकडो गोळ्या झाडतात. दिवाळीतल्या फटाक्यांसाठी आपली मर्यादा चार मीटर अंतरावर १४५ डेसिबल शिखर पातळीची आहे, आणि अंतर निम्मे झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो. फटाका पेटवणारे मूल किती मीटरवर उभे असते, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

यांपैकी कुणालाही सप्रेसर मिळणार नाही. त्यांच्यासाठी फोमचे बोळे औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात आणि त्यांना कुठल्या फॉर्मची, ठशांची किंवा मंजुरीची गरज नसते. शेतीसंरक्षणाचा परवाना ज्या घरात आहे, त्या घरात काडतुसांच्या डबीशेजारी बोळ्यांची एक जोडी ठेवावी. चाळिशीनंतर बंदूक वापरणाऱ्याने एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयांत ती करता येते, दुखत नाही, आणि फार वेळही लागत नाही. डाव्या आणि उजव्या कानाच्या रेषा वेगळ्या दिसल्या, तर उरलेले ऐकणे राखण्याची वेळ तीच आहे.